फाईल दिसते, उघडते, पण सेव्ह होईना! नॅस आणि लिनक्समधला मालकीचा घोळ



मागच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट कसं टाकायचं ते बघितलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही त्यांना हा रस्ता बरा वाटला. मशीन फेकून द्यावं लागलं नाही, पैसे वाचले. पण त्यानंतर एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत पुढे येते आहे. दुकानात नॅस आहे, म्हणजे नेटवर्कवरची सामाईक हार्ड डिस्क. विंडोजवाला त्यात काम करतो, लिनक्सवालाही करतो, आणि एक दिवस एकाची फाईल दुसऱ्याला बदलताच येत नाही.

व्हिडिओत कमांड पटापट गेल्या, म्हणून इथे सावकाश लिहितो. कमांड मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, स्पेलिंग व्हिडिओच्या स्क्रीनवर आहे.

उदाहरण आपल्या धर्माबादचंच घेऊ. धर्माबाद म्हटलं की लाल मिरची, आणि मिरची आली की पावडर, पावडर आली की पाउच, पाउच आलं की लेबल. समजा एक डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मिरची पावडरची लेबलं, लग्नपत्रिका, बॅनर अशी कामं. तेलंगणा शेजारीच, त्यामुळे मराठीसोबत तेलुगू पत्रिकाही येतात. डिझाइनचं मशीन विंडोजवर, कारण कोरल तिथे चालतं. काउंटरचा जुना कॉम्प्युटर लिनक्सवर. हिशोबाचा लॅपटॉप, तोही लिनक्सवर. कोपऱ्यात नॅसचा डबा.

काउंटरवरच्या पोराने गिऱ्हाइकाचा लोगो आणि मजकूर नॅसवर टाकला. डिझायनरने ती फाईल उघडली, दुरुस्ती केली, आणि मग:

"शेठ, फाईल उघडायली, पण सेव्ह होईना."

"मग दुसऱ्या नावानं सेव्ह कर की!"

इथे काम बिघडतं. आता फोल्डरमध्ये दोन फाइली झाल्या, एक 'फायनल' आणि एक 'फायनल नवीन'. दोन दिवसांनी छपाईला पाठवणारा माणूस वेगळा असतो, तो 'फायनल' उचलतो. पाउचवर जुनं निव्वळ वजन, किंवा एफएसएसएआयच्या १४ आकडी लायसन्स नंबरमधला दुरुस्त न झालेला आकडा छापून येतो. पाच हजार पाउच छापून झाल्यावर ते खोडून देता येत नाही. तो खर्च दुकानाच्या अंगावर, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. म्हणून म्हणतो, "दुसऱ्या नावाने सेव्ह कर" हा उपाय नाही. मुळाशी जा.

नाव नाही, नंबर

लिनक्स फाईलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा लेख इथेच संपला.

अडतीवर गोण्यांची थप्पी बघा. समजा गोणीवर फक्त मार्का आहे, २७. हा २७ कोणाचा, ते अडत्याच्या वहीत लिहिलेलं आहे. तीच गोणी दुसऱ्या अडत्याकडे नेली तर त्याच्या वहीत २७ म्हणजे भलताच शेतकरी निघेल, किंवा २७ अशी नोंदच नसेल. गोणी तीच, मार्का तोच, वही वेगळी.

प्रत्येक लिनक्स मशीनची अशी स्वतःची वही असते. मिंट किंवा उबंटू टाकताना पहिला जो युजर बनवता, त्याला नंबर मिळतो १०००. नॅसच्या डब्यातही आतून बहुतेक वेळा लिनक्सच असतं, पण त्याची वही वेगळी. सायनॉलॉजीच्या डब्यात तुम्ही बनवलेला पहिला युजर १०२६ पासून सुरू होतो. म्हणजे काउंटरचा पोरगा स्वतःच्या मशीनवर १०००, आणि त्याच नावाचा युजर नॅसवर १०२६. आपल्याला माणूस एक दिसतो, मशीनला दोन दिसतात.

दोन दरवाजे

नॅसमध्ये शिरायला मुख्य दरवाजे दोन. एक एसएमबी, विंडोजवाल्यांचा. लिनक्समध्ये याच दरवाजाचं काम सांबा करतो. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलं. दुसरा एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेला, युनिक्स आणि लिनक्सवाल्यांचा.

एसएमबीच्या दरवाजावर वॉचमन आहे. नाव सांगा, पासवर्ड सांगा, मग नॅस ठरवतो तुम्ही कोण. आत गेल्यावर जी फाईल बनेल ती नॅसच्या वहीतल्या तुमच्या नंबरने बनेल.

साध्या सेटिंगमधल्या एनएफएसच्या दरवाजावर पासवर्ड नाही. तुमचं मशीन म्हणतं "मी १०००", नॅस म्हणतो "बरं". त्याचा भरवसा माणसावर नाही, मशीनवर आहे.

आता आपल्या दुकानात काय झालं ते बघा. काउंटरचं लिनक्स एनएफएसने जोडलं होतं, त्यामुळे लोगोची फाईल १००० नंबरने बनली. डिझायनर एसएमबीने आला, तो नॅसवर १०२७. फाईलची परवानगी अशी की मालक लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. १०२७ हा मालक नाही. म्हणून फाईल उघडते, सेव्ह होत नाही. नॅस बिघडलेला नाही, कोरल बिघडलेलं नाही, दिलेल्या हुकमाप्रमाणेच सगळं चाललं आहे.

यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. हिशोबाच्या लॅपटॉपवरचा पहिला युजरसुद्धा १०००! दोन्ही मशीन एनएफएसने जोडली असतील तर नॅसच्या नजरेत काउंटरचा पोरगा आणि हिशोब बघणाऱ्या ताई एकच. पगाराची शीट, जीएसटीचे कागद, उधारीची यादी, सगळं काउंटरवरून उघडतं. सेव्ह न होणारी फाईल ओरडून सांगते, ही गोष्ट गप्प बसते.

आधी तपासणी, मग औषध

सेटिंग बदलायची घाई करू नका. लिनक्स मशीनवर टर्मिनल उघडा.

पहिली कमांड 'फाइंडमाउंट'. नॅसचं फोल्डर कुठे आणि कोणत्या प्रकाराने जोडलं आहे ते यात दिसतं. प्रकाराच्या रकान्यात 'सीआयएफएस' असेल तर एसएमबीचा दरवाजा, 'एनएफएस' किंवा 'एनएफएस४' असेल तर दुसरा. फाईल मॅनेजरमध्ये 'नेटवर्क'वर क्लिक करून फोल्डर उघडलं असेल तर ते रीतसर माउंट झालेलं नसतं. तिथे दिसणाऱ्या मालकीवर विसंबू नका, तो नुसता देखावा असतो.

दुसरी कमांड 'आयडी'. तुमचा नंबर आणि तुमचे ग्रुप कळतील.

तिसरी 'एल एस', जागा सोडून 'डॅश एल एन', मग फोल्डरचं नाव. यातला शेवटचा 'एन' महत्त्वाचा, त्यामुळे नावाऐवजी खरा नंबर दिसतो. 'एन' विसरलात तर तुमचं मशीन स्वतःच्या वहीतून नाव काढून दाखवेल आणि तुम्ही भलत्याच माणसाला बोल लावाल.

मग नॅसमध्ये एसएसएचने शिरून तिथेही 'आयडी' आणि पुढे युजरचं नाव द्या. आता कागदावर दोन रकाने आखा: माणूस, मशीनवरचा नंबर, नॅसवरचा नंबर... म्हणजे तीन झाले. असो, आखा. बहुतेक वेळा हा कागदच उत्तर सांगून टाकतो.

मालक म्हणून 'नोबडी' किंवा ६५५३४ दिसलं तर प्रकार थोडा निराळा. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नावांची देवाणघेवाण होऊ शकते, आणि दोन्ही बाजूंच्या 'आयडीमॅपडी डॉट कॉन्फ' फाईलमधलं डोमेन जुळलं नाही की सगळे 'नोबडी' होतात. किंवा ती फाईल कोणीतरी सुडो लावून बनवली असेल. त्यावर पुढे येतो.

सुडो इथे का चालत नाही

लिनक्स थोडं शिकलेला माणूस लगेच 'सुडो चाऊन' मारतो. एनएफएसवर उत्तर येतं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. माणूस चक्रावतो, मी तर रूट आहे! तुम्ही रूट आहात तुमच्या मशीनवर. नॅस बाहेरून आलेल्या रूटला साधारणपणे 'नोबडी' करून टाकतो, याला रूट स्क्वॅश म्हणतात. आणि ते योग्यच आहे. नाहीतर वाय-फायचा पासवर्ड माहीत असलेला कोणीही स्वतःचा लॅपटॉप घेऊन येईल आणि तुमच्या नॅसचा मालक होईल. ही सोय बंद करा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

एसएमबीने जोडलेल्या फोल्डरवर वेगळीच गंमत होते. 'चाऊन' किंवा 'सीएचमोड' कधी एरर देतात, कधी गपगुमान चालल्यासारखं दाखवतात, पण नॅसवर काहीच बदलत नाही.

म्हणजे मालकी दुरुस्त करायची ती नॅसवर बसून, लिनक्स मशीनवरून नाही.

माझं मत: एकच दरवाजा ठेवा

पाच-सहा मशीनच्या आत, विंडोज आणि लिनक्स मिश्र दुकान असेल तर एनएफएस बंद करा आणि सगळ्यांना एसएमबीने जोडा. एनएफएस वाईट नाही. जिथे सगळीच मशीन लिनक्स आहेत आणि नंबर जुळवून ठेवणारा माणूस पगारावर आहे तिथे ते छान चालतं. आपल्याकडे तो माणूस नसतो.

लिनक्सवर आधी 'सीआयएफएस-युटिल्स' हे पॅकेज टाका. मग 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाईलमध्ये एक ओळ लिहायची: दोन स्लॅश देऊन नॅसचा आयपी, स्लॅश, शेअरचं नाव. मग कोणत्या फोल्डरवर जोडायचं ते. मग प्रकार, 'सीआयएफएस'. मग ऑप्शन. ऑप्शनमध्ये 'युआयडी' आणि 'जीआयडी' समोर तुमच्या मशीनवरचा नंबर, म्हणजे बहुधा १०००. 'फाईल_मोड' ०६६० आणि 'डिर_मोड' ०७७०. हे नंबर दिले नाहीत तर सगळ्या फाइली रूटच्या दिसतात आणि काउंटरच्या पोराला एकही बदलता येत नाही. "नॅस जोडला पण सगळं रूटचं दिसतंय" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

पासवर्ड त्या ओळीत लिहू नका, ती फाईल मशीनवरचा कोणीही वाचू शकतो. वेगळी क्रेडेन्शियल फाईल करा, तिला ६०० परवानगी द्या आणि ओळीत फक्त तिचा पत्ता द्या.

इथे एक समजून घ्या. 'युआयडी' १००० लिहिल्याने नॅसवरची मालकी बदलत नाही. तो फक्त तुमच्या मशीनपुरता चष्मा आहे. नॅसवर खरा माणूस कोण, ते क्रेडेन्शियल फाईलमधल्या युजरनेमवर ठरतं. म्हणून तिथे ॲडमिनचं नाव टाकून मोकळं होऊ नका. काउंटरला काउंटरचा युजर, डिझायनरला डिझायनरचा, हिशोबाला हिशोबाचा.

मग नॅसवर एक ग्रुप बनवा, 'दुकान' म्हणा. काम करणारे सगळे त्यात. लेबल, पत्रिका, बॅनर या फोल्डरांवर ग्रुपला वाचायची-लिहायची परवानगी. हिशोबाचा शेअर वेगळा, त्यात फक्त तुम्ही आणि हिशोब बघणारे.

तयार डबा असेल तर हे सगळं त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरून करा. अशा डब्यांमध्ये साध्या परवानगीच्या वर एसीएल नावाची बारीक यादी असते, आणि एसएसएचने शिरून 'सीएचमोड' मारला की ती उडू शकते. तुमचा नॅस म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर तुम्हीच बसवलेलं लिनक्स असेल तर फोल्डरांना २७७० आणि फाइलींना ६६० द्या. पुढचा २ महत्त्वाचा. त्याने त्या फोल्डरमध्ये बनणारी प्रत्येक नवी फाईल आपोआप 'दुकान' ग्रुपची होते. सांबाच्या सेटिंगमध्ये 'फोर्स ग्रुप', 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७० लावा. नाहीतर आज दुरुस्त केलेलं उद्याच्या नव्या फाईलसोबत परत बिघडेल.

एनएफएस ठेवायचंच असेल तर नंबर जुळवा. दुसऱ्या ॲडमिन खात्याने लॉगिन करून 'युजरमोड डॅश यू १०२६' आणि पुढे युजरचं नाव. त्या युजरच्या होम फोल्डरमधल्या फाइलींची मालकी ही कमांड स्वतः बदलते, बाहेरच्या तुम्हाला बदलाव्या लागतात. सगळ्यांना एकाच नंबरवर आणणारं 'ऑल स्क्वॅश' सेटिंगही असतं. सोपं आहे, पण मग कोणती फाईल कोणी केली ते कळणार नाही, आणि हिशोबाच्या फोल्डरला ते कधीच लावू नये. शिवाय कोणत्या आयपीवरून जोडता येईल ते बांधून टाका.

जुन्या फाइली दुरुस्त करताना

१००० नंबरने पडलेल्या शेकडो फाइली आहेत. त्यांचं काय? स्वतः बसवलेल्या नॅसवर 'फाइंड' कमांड वापरा, फोल्डरचा पत्ता द्या, आणि 'डॅश युआयडी १०००'. आधी नुसती यादी काढा, डोळ्याखालून घाला. मगच त्याला 'डॅश एक्झेक चाऊन' जोडा. नेमक्या चुकलेल्या फाइलीच बदलतील.

सरसकट 'चाऊन डॅश मोठा आर' मारू नका. पत्ता टाइप करताना पहिल्या स्लॅशनंतर चुकून एक जागा सुटली तर कमांडला वाटतं अख्खी डिस्क द्यायची आहे, आणि 'चाऊन' स्वतःहून थांबत नाही. अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलली की ते मशीन परत उभं करण्यापेक्षा नव्याने टाकणं लवकर होतं. बॅकअप नसेल तर आधी बॅकअप, मग हे काम.

आणि ७७७. युट्यूबवर पन्नास ठिकाणी हाच उपाय सांगतात: सगळ्यांना सगळं द्या, प्रश्न मिटला. मिटतो खरा. पण मग कोणीही कोणाचीही फाईल बदलेल, आणि एका मशीनवर फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर त्याला अख्खा नॅस मोकळा. दुकानाला शटर आहे पण कुलूप नाही, अशातली गत. सीझनच्या दिवसांत घाईत लावलेलं ७७७ वर्षभर तसंच राहतं.

जाता जाता एक बारकावा. एखादी फाईल सेव्ह होत नाही पण डिलीट होते, हे बघून लोक गोंधळतात. डिलीट करायला फोल्डरची परवानगी लागते, फाईलची नाही. काही प्रोग्राम जुनी फाईल न बदलता नवी लिहितात आणि तिला जुनं नाव देतात. म्हणून एकाच फोल्डरमध्ये एका प्रोग्राममधून सेव्ह होतं, दुसऱ्यातून नाही.

लाईट गेली की 'गायब' होणाऱ्या फाइली

हा प्रश्न आपल्या भागातला खास. लाईट जाते, येते. कॉम्प्युटर एका मिनिटात चालू होतो, नॅसला जास्त वेळ लागतो. कॉम्प्युटर नॅस शोधतो, सापडत नाही, माउंट होत नाही. पण ज्या फोल्डरवर माउंट व्हायचं ते रिकामं फोल्डर मशीनवर असतंच. पोरगा त्यातच सेव्ह करत राहतो, फाइली त्याच मशीनच्या डिस्कवर पडतात. नंतर नॅस जोडला की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. "सकाळी केलेलं काम गेलं!" गेलेलं नसतं. नॅस अनमाउंट करा, खाली सापडेल.

उपाय दोन. 'एफएसटॅब'च्या ओळीत 'अंडरस्कोर नेटडेव्ह', 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी डॉट ऑटोमाउंट' हे ऑप्शन टाका, म्हणजे फोल्डर उघडताना माउंटचा प्रयत्न परत होतो. आणि नॅस जोडलेला नसताना ते रिकामं फोल्डर रूटच्या मालकीचं करून ठेवा, म्हणजे साध्या युजरला त्यात लिहिताच येणार नाही. सेव्ह झालं नाही तर पोरगा हाक मारेल, चुकीच्या जागी झालं तर गप्प राहील. नॅसला छोटा यूपीएस लावा हे सांगायला नकोच.

माणूस काम सोडतो तेव्हा

पोरं येतात, जातात. जुन्याचं खातं लगेच डिलीट करू नका, बंद करा. डिलीट केलं की त्याच्या फाइलींवर नुसता नंबर उरतो, म्हणजे मार्का आहे पण वहीत नाव नाही. पुढे नवा पोरगा आला आणि सिस्टिमने तोच मोकळा नंबर त्याला दिला, तर जुन्याच्या सगळ्या फाइली आपोआप नव्याच्या नावावर. आधी त्या फाइलींची मालकी दुसऱ्याला द्या. 'फाइंड' कमांडला 'डॅश नोयुजर' लावलं की अशा बेवारस फाइली सापडतात. आणि कोणाला कोणता नंबर दिला ते दुकानाच्या एका वहीत, पेनाने लिहून ठेवा. नॅस जळाला तरी ती वही राहते.

बॅकअपचंही थोडं. बाहेरची यूएसबी डिस्क एक्सफॅट असेल तर ती मालकी साठवतच नाही. 'आरसिंक डॅश ए' मारलं की 'चाऊन फेल्ड' अशा ओळी धडाधड येतात. घाबरू नका, फाइलींमधला मजकूर कॉपी होतो, फक्त मालकी होत नाही. त्या ओळी नको असतील तर 'नो-ओनर', 'नो-ग्रुप' आणि 'नो-पर्म्स' हे ऑप्शन लावा. मालकीसकट बॅकअप हवा असेल तर 'टार'ने एक मोठी फाईल करून ती डिस्कवर टाका, किंवा डिस्क ईएक्सटी४ करा. पण मग ती विंडोजवर सरळ उघडणार नाही.

सगळं झालं की दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं चाचणी करा. काउंटरवरून एक फाईल बनवा, डिझायनरच्या मशीनवर ती बदलून सेव्ह करा, परत काउंटरवर उघडून बदला, हिशोबाच्या लॅपटॉपवरून डिलीट करा. मग उलट दिशेने तसंच. नवीन फोल्डर बनवूनही हेच करा, कारण फाईल चालते आणि फोल्डर अडतं असं पुष्कळदा होतं. शेवटी काउंटरवरून हिशोबाचा शेअर उघडून बघा. तो उघडला नाही पाहिजे.